ओलं सरपण, बदनाम शेगडी

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी आणि थोरल्या भावाने मिळून एक जुनं घर घेतलं. मागे एकरभर झाडी आहे आणि बैठकीच्या खोलीत काचेच्या दाराची लोखंडी शेगडी. म्हटलं, हिवाळ्याचं सरपण घरचंच वापरू. चार महिन्यांपूर्वी दहा-बारा चांगली सरळ झाडं पाडली, ओंडके करून मागच्या भिंतीला लागून रचले आणि वरपासून खालपर्यंत प्लास्टिकचा कागद गुंडाळला. आता रोज लागेल तेवढं फोडतो आणि जाळतो. पण दोन तासांत काच काळी होते, लाकूड नुसतं सूं-सूं करत राहतं, खोली काही तापत नाही. धुराड्याच्या सांध्यातून काळं चिकट पाणी ठिबकतं. भाऊ म्हणतो शेगडी लहान पडते, मोठी आणू. मला वाटतं शेगडीतच दोष आहे. संध्याकाळी आईचं डोकं चढतं, धुरामुळे असेल. शेगडी बदलावी का? आणखी एक : वादळात उन्मळलेलं एक झाड शेजारच्या झाडाच्या बेचक्यात अडकलं आहे. येत्या रविवारी आम्ही दोघं ते उतरवणार आहोत. त्यासाठी चेनसॉचं पातं केवढं लागेल?
— धुराने बेजार

उत्तर : तुम्ही शेगडीबद्दल एवढं लिहिलंत आणि ज्या दोन गोष्टी वाचून मी खुर्चीत सरसावून बसले, त्यांना जेमतेम एकेक ओळ दिलीत. आधी त्याच घेते.

आईंचं डोकं. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, म्हणजे निदान वर्दी देऊन येतो. कार्बन मोनॉक्साइड वर्दी देत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. लाकूड नीट न जळता धुमसत राहिलं आणि धुराडं काजळीने आवळलं गेलं, की तो खोलीत मागे फिरतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, गळून गेल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. दिवसभर शेगडीजवळ बसणाऱ्या माणसाला ती आधी जाणवतात. आईंना एवढंच विचारा : घराबाहेर गेल्यावर किंवा शेगडी पेटवली नव्हती त्या दिवशी बरं वाटलं होतं का? त्या ‘हो’ म्हणोत की ‘नाही’, आजपासून शेगडी बंद. डॉक्टरांना दाखवा आणि घरात लाकडाची शेगडी पेटते हे आठवणीने सांगा. रक्ताच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड कळतो, पण ती तपासणी करायची हे कुणाच्या तरी डोक्यात यावं लागतं. धुराडं साफ होऊन कुणा जाणकाराने पाहिल्याशिवाय पुन्हा काडी ओढू नका. आणि पेटवण्याआधी कार्बन मोनॉक्साइडची घंटा, म्हणजे डिटेक्टर, विकत आणा. एक शेगडीच्या खोलीत, एक आई झोपतात तिथे. धुराची घंटा वेगळी असते, तिच्या भरवशावर राहू नका.

आता ते अडकलेलं झाड. पात्याच्या लांबीचं उत्तर मी देणार नाही, कारण रविवारी तुम्ही तिथे जाणारच नाही आहात. असं झाड म्हणजे ओढून धरलेला धनुष्य. खोडात कुठे ताण आहे, कुठे दाब आहे, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. करवत लावली की खोड फाटून उसळतं, बुंधा मागे लाथ मारल्यासारखा येतो, किंवा वरचा सगळा पसारा गोल फिरून भलतीकडेच कोसळतो. मग लोक हुशारी करतात. कुणी बुंध्याचे एकेक तुकडे कापत जातो, कुणी ज्या झाडावर ते टेकलंय तेच खालून कापायला घेतो. ही दोन्ही कामं ज्यांनी केली त्यातले काही सांगायला उरले नाहीत. असं झाड लांबून विंचने, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने, खेचून काढतात, आणि ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. तोवर झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर दोरी बांधा आणि तिच्या आत कुणालाही जाऊ देऊ नका, मांजरामागे धावणाऱ्या पोरांना तर मुळीच नाही.

हे दोन विषय मिटले. आता बिचाऱ्या शेगडीकडे येते.

तिच्यात दोष नाही. तुम्ही तिला पाणी जाळायला देत आहात. ताज्या तोडलेल्या झाडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. चार महिने वाळवलं असं तुम्हाला वाटतं, पण चार महिने ते नुसतं पडून होतं. अखंड ओंडका वाळत नाही, तो थांबून राहतो. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटवलेल्या बारीक नळ्यांची जुडी समजा. झाड जिवंत असताना या नळ्यांतूनच पाणी मुळापासून शेंड्याकडे जात होतं. तोडल्यावरही पाण्याला बाहेर पडायला सोपी वाट तीच, म्हणजे ओंडक्याची दोन टोकं. आडव्या दिशेने पाणी त्या मानाने फार सावकाश सरकतं, आणि वरून साल असते. पाणी आत राखणं हेच तर सालीचं आयुष्यभराचं काम. म्हणून ओंडक्याची टोकं वाळून तडकतात, तुम्हाला वाटतं झालं काम, आणि हातभर आत तो अजून झाडच असतो. त्यावर तुम्ही प्लास्टिक गुंडाळलंत. जी थोडी वाफ बाहेर पडली असेल ती आतल्या बाजूने थेंब होऊन परत लाकडावर. कागद उचलून पाहा, खालच्या थराला पांढरी बुरशी आलेली दिसेल.

त्या सूं-सूंचं म्हणाल, तर शेगडीत एखादं लाकूड जळताना त्याच्या टोकाकडे नीट पाहा. तिथे फेसाचे बुडबुडे येतात आणि आवाज तिथूनच निघतो. ते उकळणारं पाणी आहे. लाकूड ओलं आहे याला यापेक्षा मोठा पुरावा नको.

थोडा हिशेब मांडते. पूर्ण कोरडं लाकूड, कोणत्याही जातीचं, किलोमागे साधारण ५ युनिट उष्णता देतं. वीजबिलावरचं युनिट तेच हे. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट लागतं. आता निम्मं पाणी असलेल्या लाकडाची १० किलोची टोपली घ्या : ५ किलो लाकडाचे २५ युनिट, त्यातून पाण्याने खाल्लेले साडेतीन वजा, उरले साडेएकवीस. तीच टोपली २० टक्के पाण्याची असेल तर ८ किलोचे ४० वजा १.४, म्हणजे साडेअडतीस. जवळपास दुप्पट.

पण खरी चोरी या हिशेबात दिसत नाही. पाणी स्वतः खातं ते थोडंच, ते आग थंड करतं हा खरा घोटाळा. लाकूड थेट जळत नाही. तापलं की आधी त्यातून वायू सुटतात, आणि ज्वाला म्हणून आपण जे पाहतो ते हे वायू जळत असतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा चार-पंचमांश भाग असा वायू होऊन जातो, निखारा होतो तो उरलेला. हे वायू नीट जळायला शेगडीत ६०० अंशांच्या वर उष्णता लागते. पाणी उकळत असलेली शेगडी तिथवर पोचतच नाही. मग वायू न जळताच वर निघतात. काचेवर बसले की काच काळी. धुराड्याची आतली भिंत सुमारे १२० अंशांपेक्षा थंड असली की तिथे वाफेसोबत गोठून डांबर होतात. तुमच्या सांध्यातून ठिबकतंय ते हेच, तुमचंच सरपण, न जळलेलं.

आणि हे डांबर जळतं. पहिल्या वर्षी मीही असंच अर्धओलं लाकूड जाळत होते. एका रात्री बरी सुकी लाकडं हाती लागली म्हणून शेगडी फुल भरली, हवा पूर्ण उघडली. दहा मिनिटांनी आवाज यायला लागला. आधी वाटलं बाहेर वारा सुटलाय. मग तो वाढत गेला, पुलावरून आगगाडी जावी तसा, आणि धुराड्याचा नळ थरथरायला लागला. हात लावायची सोय नव्हती, वीतभर अंतरावरूनच चेहरा भाजत होता. आत १००० अंशांच्या वर तापमान जाऊ शकतं हे मला नंतर कळलं. त्या वेळी शेगडीचं दार आणि हवेच्या झडपा बंद करायच्या, सगळ्यांना बाहेर काढायचं, अग्निशमन दलाला बोलवायचं, एवढंच करायचं असतं. वरून पाणी ओतायचं नसतं. तापलेलं धुराडं तडकतं आणि वाफेचा भडका अंगावर येतो. घर वाचलं. धुराड्याच्या आतली भिंत मात्र तीन ठिकाणी चिरली होती आणि तो हिवाळा आम्ही स्वेटरवर काढला.

म्हणून सांगते, उद्या कुठून सुकं लाकूड मिळालं तर उत्साहाने मोठा जाळ करू नका. आधी धुराडं साफ, मग जाळ. हा क्रम उलटा झाला की काय होतं ते मी ऐकलेलं आहे.

भावाला माझा नमस्कार सांगा आणि मोठ्या शेगडीचा विचार काढून टाकायला सांगा. मोठी शेगडी आणलीत तर खोली एकदम तापेल, मग तुम्ही हवा कमी कराल, आग धुमसेल, आणि गाडी परत काजळीवरच येईल. ओल्या लाकडाने तर ती लहानीपेक्षा जास्त धूर करेल. रात्रभर ऊब राहावी म्हणून हवा आवळून लाकूड कोंडून ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. लहान, कडक, उघड्या हवेची आग दिवसातून दोनदा केलेली बरी.

मग या हिवाळ्यात काय करायचं? तुमच्याकडे जे आहे त्याची आधी परीक्षा घ्या. ओल मोजायचं दोन काट्यांचं छोटं यंत्र मिळतं. पण लोक ते ढलपीच्या बाहेरच्या अंगाला टोचतात आणि खूश होतात. ढलपी पुन्हा मधोमध फोडा आणि ताज्या फुटलेल्या अंगावर, मध्यभागी, टोचा. आणखी एक गोम आहे. ‘सरपणात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी नको’ म्हणतात तेव्हा एकूण वजनातला हिस्सा धरलेला असतो. ही यंत्रं बहुधा कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्के काढतात. म्हणजे यंत्रावर २५ दिसलं तर ते आपल्या हिशेबाचं २० असतं. यंत्र नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या खणखणीत वाजतात, ओल्या थप्प करतात. कानाला ते आठवडाभरात कळायला लागतं.

माझा अंदाज, परीक्षेत तुमची बहुतेक रास नापास होईल. बारक्या फांद्या, उभ्या उभ्या वठलेल्या झाडाचं लाकूड असलं काही पास झालं तर ते वेगळं काढा. बाकी गरज बाहेरून भागवा : भट्टीत वाळवलेलं लाकूड किंवा भुसा दाबून केलेल्या विटा. या विटांत ओल १० टक्क्यांच्या आतच असते, त्यामुळे त्या झपाट्याने पेटतात आणि फुगतात. शेगडी ठासून भरू नका. पैसे जातील याचं वाईट वाटेल, पण मोठ्या शेगडीपेक्षा कमी जातील. पास झालेलं थोडं लाकूड मनगटाएवढं बारीक फोडून आठवडाभर आधी खोलीत आणून ठेवलं तर आणखी कोरडं होतं. शेगडीला टेकवून मात्र नाही. त्या नादात घरं जळालेली आहेत.

नापास झालेली रास फेकायची नाही, ती पुढच्या हिवाळ्याची. आणि तिचं काम आत्ताच करायचं, कारण तुमच्याकडे एक अनपेक्षित फायदा आहे : बहुतेक जातींचं लाकूड ओलं असतानाच चांगलं फुटतं. वाळल्यावर तेच कुऱ्हाडीला चिवटपणे धरून ठेवतं. बारीक धारेची कुऱ्हाड फोडायला घेऊ नका, ती रुतून बसते. त्याला जाड पाचरीसारख्या तोंडाची, अडीच-तीन किलोची जड कुऱ्हाड हवी. ओंडका गुडघ्याएवढ्या ठोकळ्यावर ठेवा. टोकाला जिथे नैसर्गिक चीर गेलेली दिसते त्या रेषेतच घाव घाला. मोठा ओंडका असेल तर मधोमध झुंजू नका, कडेकडेने फाकी काढत आत या. ठोकळ्यावर जुना टायर खिळून त्यात ओंडका उभा केला की फुटलेल्या ढलप्या चहूकडे उडत नाहीत आणि दर घावाला वाकावं लागत नाही. माझ्या कमरेने या टायरचे फार आभार मानले आहेत. पाय फाकवून उभं राहायचं, म्हणजे घाव चुकला तर कुऱ्हाड पायांच्या मधून जाते, नडगीवर नाही. बोटं दाखवणारी चप्पल घालून हे काम करणाऱ्याला मी काही शिकवत नाही. गाठीचे ओंडके बाजूला ठेवा, त्यांच्याशी वैर धरू नका.

ढलपी आठ ते बारा सेंटिमीटर जाडीची, लांबीला शेगडीच्या पोटापेक्षा चार-पाच सेंटिमीटर कमी. रचताना तीन गोष्टी : जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून चार बोटं लांब, आणि छप्पर फक्त माथ्यावर, बाजू उघड्या. भिंतीलगत चार-चार रांगा लावू नका. एकच रांग, जिच्या आरपार वारा जाईल. रास कुठे करावी असं कुणी विचारलं की मी विचारते, धुतलेले कपडे कुठे वाळत घालता? तिथेच. ऊन मदत करतं, पण वाळवतो तो वारा. हलक्या जातीचं लाकूड फोडून असं रचलं की एका पूर्ण उन्हाळ्यात तयार होऊ शकतं. ओकसारखं जड, घट्ट लाकूड दोन वर्षं घेतं आणि त्यात घाई चालत नाही. ‘पी हळद अन् हो गोरी’ करणाऱ्यांना लाकूड दाद देत नाही.

जाता जाता जड-हलक्या लाकडाबद्दल. लोक जड जातींना फार मान देतात. वजनावर तोललं तर सगळ्या जातींची उष्णता जवळपास सारखीच, फरक पडतो तो आकारमानात. हलकं लाकूड पेटायला घ्या, जड लाकूड नंतर टिकायला. रंग किंवा औषध दिलेलं, जुन्या फर्निचरचं, प्लायवूडचं लाकूड मात्र कितीही कोरडं असलं तरी शेगडीत घालू नका. जुन्या औषधी लाकडात आर्सेनिकसुद्धा असतं आणि ते राखेत उरतं. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवा. वरून विझलेली दिसते, पण तिच्या पोटात दोन-तीन दिवस निखारा जिवंत राहतो.

तुमच्या पत्रातला एक शब्द मला टोचला : ‘चांगली सरळ’ झाडं पाडलीत. सगळे हेच करतात, कारण सरळ झाड पाडायला सोपं, फोडायला सोपं. पण दरवर्षी चांगली झाडं काढत गेलात तर दहा वर्षांनी मागे वाकडी, रोगट, खुरटलेलीच उरतील, आणि बीही त्यांचंच पडेल. उलटं करा. आधी राखायची झाडं ठरवून त्यांना खूण करा : भक्कम खोडाची, मोकळ्या डोक्याची. मग त्यांच्या डोक्यावर सावली धरणारी, त्यांना घासणारी, दाटीत काठीसारखी उंच गेलेली काढा. राखलेल्या झाडांना उजेड मिळतो आणि ती झपाट्याने जाड होतात. रुंद पानांच्या बऱ्याच जाती बुंध्यातून पुन्हा फुटतात. पानगळीनंतर जमिनीलगत तिरका, स्वच्छ काप दिलात तर त्याच मुळांवर काही वर्षांत पुन्हा सरपण उभं राहतं. सूचिपर्णी झाडं सहसा असं करत नाहीत, त्यांचं रोप लावावं लागतं. ढोलीवाली एक-दोन वठलेली झाडं, वाटेवर नसतील तर, घुबडांना राहू द्या. आणि जमीन आपली असली तरी झाड तोडायला बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते, तेवढं विचारून घ्या.

चेनसॉबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, फक्त पातं विचारलंत, पण तुमच्याकडे ती आहे असं दिसतं. पाडण्याचं काम शिकून घेतल्याशिवाय करू नका, जमिनीवर पडलेले ओंडके कापण्यापुरतं बोलते. पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला लागला की करवत क्षणात उसळून चेहऱ्याकडे येते. म्हणून टोकाने कापायचं नाही, खांद्याच्या वर न्यायची नाही, आणि डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून घट्ट वळलेला हवा. हेल्मेट, चेहऱ्यावर जाळी, आवाज अडवणारी कानझाकणी, करवतीची खास विजार, जाड बूट. विजारीतले धागे साखळीत गुंतून ती जागच्या जागी थांबवतात. एकट्याने कधीच नाही. करवतीतून खाली काय पडतंय ते पाहत जा. खवल्यासारखे टपोरे तुकडे पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला, जोर लावावा लागला, की थांबा आणि कानस काढा. बोथट साखळीवर जोर देणारा माणूस थकतो, आणि थकलेल्याच्या हातातली करवत घसरते.

येत्या रविवारी झाडाकडे जायचं नाही हे ठरलंच. त्याऐवजी दोघं भाऊ ठोकळ्यापाशी जा. चार तास काम केलंत तर बरीच रास फुटेल. त्यातल्या सहा ढलप्या निवडा, दोन राशीच्या तळाला जाणाऱ्या, दोन मधल्या, दोन माथ्याच्या. प्रत्येकीचं वजन करा, खडूने किंवा मार्करने टोकावर वजन आणि तारीख लिहा, आणि हाताला येतील अशा बेताने राशीत ठेवा. महिन्याला एकदा पुन्हा तोला आणि जुन्या आकड्याखाली नवा लिहा. सुरुवातीला वजन झपाट्याने उतरेल, मग सावकाश. लागोपाठ दोन महिने आकडा जवळपास तोच राहिला की एक ढलपी फोडून मध्यभागी यंत्र टोचा. ते काम आईंच्या हाताने करून घ्या, त्यांचाही हक्क आहे.